एका शेल्यानं पुसलेली तोंडं

देवास, थोरली पाती
आश्विन वद्य ११, शके १८२९

चिरंजीव नीलकंठ यास दादाचा आशीर्वाद. रागावलेल्या माणसालाही आशीर्वाद चालतो, म्हणून आधी तो घे.

तू धारला सुखरूप पोचलास हे मला तांगेवाल्याकडून कळलं. म्हणाला, "दादा, तमारो भई तो घोड़ी के असी दौड़ातो गयो के महू की सड़क पे धूल का बादल!" मी विचारलं, घोडी खोकत होती का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की भाऊ सोडून घोडीची चौकशी करणारा हा कोण आला. अरे, भावाची चौकशी करायला तू मला तोंड कुठं ठेवलंस?

"दादा, तू आईला दुसऱ्यांदा जाळलंस." भर अंगणात बोललास. आपला मोतद्दार भगवंता खरारा हातात धरून उभा, समोरच्या घरातून मोरोपंत सुपारी कातरत आलेले, महूचा घोडेडॉक्टर पेटी उघडून बसलेला. डॉक्टरला मराठी कळत नव्हतं तेवढं बरं. बाकी सगळ्यांना कळलं.

तेव्हा तू ऐकलं नाहीस. कागदाला तरी उत्तर देता येत नाही, म्हणून इथं शेवटपर्यंत वाच.

दसऱ्याला आपल्या घरचे सगळे घोडे, कुठं का असेनात, थोरल्याच्या दारात येतात. आई हळदीच्या पाण्यात आपल्या लग्नातला शेला बुडवायची आणि एकेकाचं तोंड पुसायची, नाकपुड्यांसकट. एकाच शेल्यानं. "एका घरचे घोडे, एका आईची लेकरं," म्हणायची. ती गेल्यापासून मी पुसतो. पहिला मान थोरल्याच्या घोड्याचा, म्हणून आधी माझा मल्हार, मग तुझी शेवंती. यंदाही तसंच केलं. मल्हारचं नाक तेव्हा वाहत होतं. मी म्हटलं सर्दी, तू म्हणालास सर्दी, भगवंता तर म्हणाला, "सरदी हे दादा, गुड़-सोंठ खवाड़ी दो, उतरी जायगा." आपल्या बोलीत त्या रोगाला नाव नाही ना, म्हणून सगळ्यांनी त्याला सर्दी म्हटलं. नाव नसलं की रोग पाहुण्यासारखा ओसरीवर बसून राहतो, उठ म्हणायचं कोणाला? महूच्या पलटणीत त्याला ग्लँडर्स म्हणतात.

गूळ-सुंठीनं उतरेना म्हणून मीच डॉक्टरला बोलावलं. त्यानं मल्हारच्या मानेत सुई टोचली. दुसऱ्या दिवशी त्या जागी भाकरीएवढी सूज. खऱ्या सर्दीला अशी सूज येत नाही म्हणे. मल्हारला परसामागच्या माळावर मीच नेलं. वाटेत त्यानं माझ्या बाराबंदीला नाक लावलं, गूळ शोधत. बंदुकीचा आवाज तू ऐकलास, गूळ शोधणं नाही पाहिलंस.

मग डॉक्टरनं दुभाष्याकडून सांगवलं, या नाकाला लागलेलं जे असेल ते सगळं जाळा. मोहरक्या, तोबरे, फडके. मी शेला आणून त्याच जाळात टाकला. पेटीत घडी घालून ठेवला असता तर कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. पण पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा हळदीच्या पाण्यात भिजला असता.

मग शेवंतीची पाळी होती. तू तिच्यावर खोगीर टाकलंस आणि निघालास.

नीलकंठा, महू धारहून दूर नाही. तिला नेऊन टोचून घे. सूज आली नाही, तर मी थोरला असून धारच्या चौकात तुझे पाय धरीन. मल्हारची मोहरकी ओढताना हाताला खरचटलं तेवढं सोडता मी खुशाल आहे. चि. सौ. कुसुमावतीला आशीर्वाद.

तुझा
दादा


देवास
कार्तिक शुद्ध ५

नीलकंठा,

दिवाळी गेली. पाडव्याला टपालवाला आला तेव्हा मी दारातच होतो, तो म्हणाला, "दादा, थांके वास्ते कंई नी." भाऊबीज आपल्याला नव्हतीच कधी, बहीण नाही. पण पाडव्याला धारहून तुझं पत्र येई, चार ओळी तुझ्या आणि खाली कुसुमावतीनं काढलेलं कुंकवाचं बोट. यंदा कुंकवाचं बोटसुद्धा आलं नाही. तिला तूच नको म्हणालास, हे मला दिसतं.

बरं, तुझी बाजूही मांडतो. तू मांडत नाहीस म्हणून मला मांडावी लागते. घोडी स्वतःची आहे तोवर तू धारच्या रिसाल्यात शिलेदार. घोडी गेली, की दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. आपल्या आज्यापासून या घरात बारगीर झाला नाही. परेडीला मागच्या ओळीत उभं राहायचं, आणि काल आलेलं पोर पुढं. मला ही लाज कळत नाही असं नाही.

आणि शेवंती काही बाजारातून आणलेली नाही. तिची आई व्यायली त्याच दिवशी मेली, आणि तुम्ही दोघांनी शेळीच्या दुधात कापडाची वात बुडवून तिला जगवली. पोटी मूल नाही, त्या घरात ती लेक झाली. कुसुमावती ओठांत गुळाचा खडा धरायची आणि शेवंती तो अलगद काढून घ्यायची. ते पाहून मीच हसून म्हटलं होतं, सासरी पाठवताना हिचं कसं होणार. हसायला नको होतं. तो खडा आता मला झोपू देत नाही.

म्हणून एक सांगतो. माझा पाखऱ्या शेतावर आहे. दसऱ्याला तो खोगिराला पुरा रुळला नव्हता म्हणून आणला नाही, शेला त्याला लागला नाही. डॉक्टरनं त्याला टोचलं, काही उठलं नाही. पुन्हा एकदा टोचून घेतो. तो तुझा. त्याच्यावर बसून परेडीला जा, पुढच्या ओळीत. पण त्याला तुझ्या तबेल्यात शेवंतीशेजारी मी बांधू देणार नाही. आधी ती जायला हवी.

तू म्हणशील, वा रे दादा, लेक दे आणि जावई घे. म्हण. शिवी दे, पण पत्रातून दे.

हात अजून भरत नाही. म्हातारं कातडं, दुसरं काय. सुंभ जळतो, पीळ राहतो.

दादा


देवास
कार्तिक वद्य ८

नीलकंठा,

अक्षर मोरोपंतांचं आहे, बोलणं माझं. माझ्या चाळशीची काच फुटली, इंदूरहून नवी येईतो ते लिहून देतील. ते धाकट्या पातीतले, मी थोरल्या पातीतला, मधला रस्ता हीच दोन्ही राज्यांची हद्द. रस्ता ओलांडून रोज दुसऱ्या राज्यातून येतात. येताना रोज विचारतात, "काय दादा, आज तुमच्या राज्यात सुपारी आहे की आमच्याकडून आणू?" आज मात्र विचारलं नाही.

ते लेकीच्या सासरी धारला आले होते, तुझ्याकडेही येऊन गेले. मला सगळं सांगितलं. तू त्यांना सांगू नका म्हणाला होतास, पण पन्नास वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाच्या पोटात काय राहतं?

ते म्हणतात, शेवंतीचं एकाच बाजूचं नाक वाहतं. डिंकासारखं चिकट. त्यांनी विचारलं, "नीलकंठराव, हे काय?" तू म्हणालास, "काय नाही पंत, कालिकेच्या तळ्यावर गार पाणी प्यायली, सर्दी है." त्यांनी जबड्याखाली हात घातला. सांगतात, गाठ सुपारीसारखी कडक, हाडाला चिकटलेली, दाबली तरी घोडी मान काढीना.

अरे राजा, सर्दीची गाठ मऊ असते, गरम असते, दुखते आणि एक दिवस फुटते. हात लावलास तर घोडी चावायला येते. ही दुखत नाही हेच वाईट. मला हे कोणत्या शाळेत शिकवलं नाही. महूच्या घोडेवाल्यांशी चिलीम ओढत बसलो, विचारत गेलो, चुकत गेलो. मल्हारच्या जबड्याखाली हीच सुपारी होती आणि मी तिच्यावर अळशीचं पोटीस बांधत होतो.

आता तुझ्या घरी पोटीस कोण बांधतंय तेही पंतांनी सांगितलं. सांजसकाळ, स्वतः, आणि नाक पुसते तेही पदरानं.

घोड्याचा रोग घोड्यापाशी थांबत नाही, नीलकंठा. माणसाला लागतो. घोडेडॉक्टरला मी विचारलं, माणसाला झाला तर औषध काय? त्यानं हात धुवायला पाणी मागितलं.

आईच्या शेल्यावरून मला जन्मभर बोल. तुझ्या बायकोच्या पदराचं काय ते आज ठरव.

दादा
(हस्ते मोरोपंत)


देवास
मार्गशीर्ष शुद्ध ४

चिरंजीव सौभाग्यवती कुसुमावतीबाई यांस थोरल्या दिरांचा आशीर्वाद.

या घरात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीला कधी पत्र लिहिलं नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून माझ्यापुढे पदर डोळ्यांपर्यंत. मी तुला जोडव्यांच्या आवाजावरून ओळखतो. तू पोथी वाचतेस हे मात्र मला ठाऊक आहे. माजघरातून ऐकू यायची, अक्षर अडलं की तू थांबायचीस, आणि मी ओसरीवर मनात ते जुळवून द्यायचो. मीही असाच शिकलो, दुकानांच्या पाट्यांवरून. म्हणून मोरोपंतांना मोकळं, गोल अक्षर काढायला सांगितलंय. ते कुरकुरले, "दादा, ही रीत नाही." मी म्हटलं, रीतीनं पुसलेली तोंडं पाहिलीत ना पंत? लिहा.

हे पत्र लपवू नकोस. चोरून वाचायचं काही यात नाही. नीलकंठ जेवायला बसला की त्याच्यासमोर मोठ्यानं वाच. माझी पत्रं तो फोडत नसेल. तुझा आवाज ऐकल्यावाचून त्याला गत्यंतर नाही.

आधी तुझ्यापुरतं. आजपासून शेवंतीच्या तोंडाला हात लावू नकोस. पदर तर नकोच. जो पदर लावलास तो धुणं पुरेसं नाही, जाळ. गूळ द्यायचा तर घमेल्यात टाक आणि लांब हो. ती तुझ्याकडे पाहील. मान लांब करील, ओठ हलवील. तिला वाटेल आपलं काय चुकलं. मला मल्हारनं तसंच पाहिलं होतं, म्हणून सांगतो, ते सोसावं लागेल. लेक आजारी पडली तर आई तिला जवळ घेते. या एका रोगात जवळ घ्यायचं नसतं.

दुसरं, आपले हात उजेडात नीट पाहा, नीलकंठाचेही. कुठं फोड आहे का, आधी साधा खरचटल्यासारखा, मग कडा कुरतडल्यासारखा, भरून न येणारा. त्याच्या वरच्या बाजूला, मनगटापासून कोपराकडे, दोरीत ओवलेल्या मण्यांसारख्या गाठी कातड्याखाली लागतात. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, पहाटे घाम सुटून उतरतो, आणि सांधे असे धरतात की तांब्या उचलवत नाही. असं काही असेल तर धारच्या दवाखान्यात लगेच जा. नसेल तर देवापुढे दिवा लाव आणि माझ्या नावानं एक वात जास्त घाल.

तिसरं नीलकंठासाठी. वाचताना इथं जरा थांब आणि त्याला पाणी दे. म्हणावं, दादा विचारतो, वरातीमागून घोडं न्यायचंय का तुला? शेवंती वाचायची नाही. ती आज जाईल की तबेल्यातल्या दुसऱ्या दहांना आणि घरच्या माणसाला घेऊन जाईल, एवढंच तुझ्या हातात आहे. बारगिरी एका वर्षाची असते. कुसुमावती एकच आहे.

माझी काळजी नको. भगवंता स्वयंपाक करतो. मी हल्ली पत्रावळीवर जेवतो, द्रोणात पाणी पितो. म्हाताऱ्याचा एकट्याचा संसार, भांडी कोण घासणार. भगवंता म्हणतो, "दादा तो रोज बरात में जीमे."

तुमचे
कृष्णराव
(हस्ते मोरोपंत)


देवास
मार्गशीर्ष वद्य ६

चि. सौ. कुसुमावतीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मोरोपंतांनी वाचून दाखवलं, मग मी पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा म्हणालो तर म्हणाले, "दादा, आता तुम्हीच म्हणून दाखवा, पाठ झालं असेल."

झालंय. तू वाचलंस तेव्हा तो हातातला घास खाली ठेवून उठला. सकाळी शेवंतीला खरारा केला, आयाळ विंचरली, तुझ्या लग्नातली घुंगरांची माळ तिच्या गळ्यात घातली आणि महूची वाट धरली. तू दारातून पाहिलंस, जवळ गेली नाहीस. तिनं मान वळवली तरी गेली नाहीस. पोरी, तुझ्याएवढं मन माझ्या हाडात असतं तर मी मल्हारच्या वेळी माळावर बसून रडलो नसतो.

महूला सूज उठली. डॉक्टरनं त्याला लांब जा म्हटलं, तर तो म्हणाला, "ही माझ्याशिवाय उभी राहणार नाही," आणि मोहरकी धरून उभा राहिला. पलटणीतले गोरेसुद्धा टोपी काढून उभे होते, असं तू लिहितेस. ते टोपी काढोत न काढोत. माझा भाऊ उभा राहिला.

घुंगरांची माळही त्यानं तिथंच जाळात टाकली, कोणी न सांगता. हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढं गेलीस. मी त्या ओळीवर अजून बसलोय.

तुमच्या दोघांच्या अंगावर काही नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कपडे काढून पाहिलं, पंधरवड्यानं पुन्हा बोलावलंय, हे ऐकून मी देवाला नारळ ठेवला. भगवंताच्या हातून.

शेवटी तू विचारलंस, "भावजी, मण्यांच्या गाठींचं एवढं बारीक आपण कुठं पाहिलं? आणि आपली चाळशी अजून आली नाही का? इंदूर काही काशी नाही." थोरल्या दिराला असं विचारायची या घरात रीत नाही, कुसुमावतीबाई.

पुस्तकात पाहिलं. महूच्या एका हवालदाराकडे पुस्तक होतं.

कृष्णराव
(हस्ते मोरोपंत)


देवास
पौष शुद्ध २

माझ्या नीलकंठा,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं. पाकिटावरचं अक्षर पाहून मी मोरोपंतांना म्हटलं, फोडू नका लगेच, जरा लांबून पाहू द्या. तुझा "द" अजून तसाच, पोट सुटलेला.

लिहितोस, "दादा, संक्रांतीला कुसुमला घेऊन येतो. तुझ्या पायांवर डोकं ठेवायचं आहे." दोन महिने मी याच ओळीची वाट पाहिली. दाराची कडी वाजली की उठायचो. आणि आता ती आली तर मला लिहावं लागतंय, घरात येऊ नकोस.

चाळशी फुटली नाही. ती समोर कोनाड्यात आहे. तुझ्या घरी येणाऱ्या कागदाला माझा हात लागू नये म्हणून मी लिहीत नाही. मोरोपंत उंबऱ्यापलीकडे बसून लिहितात, मी इथून बोलतो. कुसुमावतीनं ओळखलं, पुस्तकबिस्तक काही नाही. मणी माझ्या हातावर आहेत, कोपर ओलांडून खांद्याकडे निघालेत. खरचटलं म्हणून लिहिलं होतं ना, तेच. इंदूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाहिलं. चांगला माणूस. त्यानंही हात धुवायला पाणी मागितलं.

मोरोपंतांनी आत्ता लेखणी खाली ठेवली. मी म्हटलं, "पंत, तुम्ही दुसऱ्या राज्यातले, आमच्या राज्यातल्या दुखण्याचं रडू तुम्हाला कसलं?" तर म्हणतात, "दादा, गप्प बसा, शाई सांडेल." हेही लिहा म्हटलं. लिहिलं त्यांनी.

माणसाकडून माणसाला हा रोग क्वचित लागतो असं म्हणतात. क्वचित या शब्दावर मी तुला आणि त्या पोरीला उभं करणार नाही. आपण सर्दी या शब्दावर एकदा उभे राहिलो होतो.

तुझं एक बोलणं खरं होतं, ते सांगायला हवं. गेल्या आठवड्यात घोडेडॉक्टर पाखऱ्याला दुसऱ्यांदा टोचायला आला होता. खिडकीतून मी भगवंताकरवी विचारलं, ते कापड न जाळता कढत पाण्यात उकळलं असतं तर? तो म्हणाला, चांगलं उकळलं असतंत तर चाललं असतं. मोहरक्या, तोबरे जाळायचेच. एखादं कापड उकळून राखता आलं असतं. त्या दिवशी हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही. जरीचा शेला उकळायचा असतो असं आपल्या घरात कोणाला सुचणार? आणि मल्हार नुकताच गेला होता, मला सगळं जाळून टाकायचं होतं. आईचा शेला आज तुझ्या पेटीत असता, नीलकंठा. जरीचे काठ काळे पडले असते, रंग उतरला असता, पण असता. या एका गोष्टीचं मला जितकं लागतं तितकं हाताचं लागत नाही.

माझ्यामागे माझी गादी, पगडी, बाराबंद्या, ही खोलीतली चटई, सगळं भगवंता जाळेल. त्याला सांगून ठेवलंय. तेव्हा कोणी म्हणू नका हं, की दादाला दुसऱ्यांदा जाळलं. चाळशी मात्र उकळून घे. काच उकळते. तुलाही लागेल, पंतांच्या वयाचा होशील तेव्हा.

आता संक्रांतीचं. ये, दोघंही या. आपल्या घरासमोरचा रस्ता तुला ठाऊक आहे. लहानपणी आपण एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे टाकून ओरडायचो, दोन राज्यांवर उभा आहे मी! तो रस्ता आज कामाला आला. तुम्ही मोरोपंतांकडे उतरा, धाकट्या पातीत. रस्ता ओलांडायचा नाही. मी माडीच्या खिडकीत बसेन. कुसुमावतीनं तिळगूळ मोरोपंतांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवावा, मला पोचला. आणि तिला म्हणावं, या वेळी पदर डोळ्यांवर नको. एवढ्या लांबून रीत मोडत नाही. मी तिला नुसती जोडव्यांवरून ओळखतो. तोंड एकदा पाहू दे.

पाखऱ्या मोरोपंतांच्या दारात बांधलेला असेल. दुसरी टोचणीही साफ निघाली. मोहरकी नवी, तोबरा नवा, बादली नवी, भगवंतानं माझ्या घरची एक दोरीसुद्धा तिकडे नेली नाही. दसऱ्यापासून माझा हात त्याला लागलेला नाही. त्याच्यावर नाव तुझं लावून घे आणि परेडीला पुढच्या ओळीत उभा राहा. तोंडपुसणी बंद करू नका, ती आईची आहे. धारला करा. प्रत्येक घोड्याला वेगळा फडका, आधी उकळलेला, आणि पुसून झाला की जाळात. आणि पहिला मान थोरल्याच्या घोड्याचा ही रीत मी मोडली, असं सगळ्यांना सांग. आता पहिला मान सगळ्यात लहान घोड्याचा. कुसुमावतीनं पुसावं. शेवंतीनं तिच्याकडे मान वळवली होती त्याची भरपाई कशानं होत नाही, पण तिच्या हाताला पुन्हा कोणाचं तरी तोंड लागू दे.

मग तू पाखऱ्यावर बस. तो उजवीकडे ओढतो, लगाम सैल ठेव, टाच मारू नकोस, तुझ्या आवाजावर चालेल. पंतांच्या दारापासून कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जा आणि परत ये. मला त्याची चाल पाहायची आहे आणि तुझी बैठक. पायांवर डोकं ठेवलंस असं मी तेवढ्यात समजेन.

येताना वर पाहा. जाताना पाहू नकोस.

तुझा
दादा
(हस्ते मोरोपंत)